डाव संपल्यावरची वीस मिनिटं

ठाण्यातल्या कोलशेतच्या एका आईचा प्रश्न असा आहे: मुलगा नऊ वर्षांचा, दोन वर्षांपासून बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळतो. पटावर समोरच्याच्या मनात काय चाललंय ते त्याला बरोबर कळतं. पण सहा वर्षांची बहीण कशानं रडतेय हे घरात सगळ्यांना कळलं तरी त्याला कळत नाही. क्लासमधला जिवलग मित्र हल्ली 'माझं लक्ष उडावं म्हणून मुद्दाम टेबल हलवतो' असं त्याचं म्हणणं. हरला की 'मी नीट खेळतच नव्हतो' हे ठरलेलं वाक्य. स्पर्धेमुळे मुलाला माणसं जास्त कळायला लागतात की कमी? आणि हे सगळं थांबवावं का?

ताई, थांबवू नका. पण स्पर्धेच्या दिवशी डाव संपल्यावर तुम्ही काय करता, ते मात्र बदलावं लागेल. ते का, हे सांगायला मला जरा लांबून यावं लागेल. मी नौपाड्यात चोवीस वर्षं मुलांना बुद्धिबळ शिकवते आहे. त्याआधी मानसशास्त्रात एम.ए. केलं होतं. सुरुवातीची कितीतरी वर्षं या दोन गोष्टी माझ्या डोक्यात वेगवेगळ्या खणांत होत्या. तुमच्या मुलासारखी मुलं येत गेली, तसे ते खण एक झाले.

आधी तुमच्या प्रश्नातलं एक गृहीत तपासू. पटावर त्याला समोरच्याचं मन कळतं, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, त्याला पट कळतो. समोरच्याचा घोडा पुढे आला, पुढच्या चालीत तो वजीर आणि हत्ती या दोघांवर एकदम बसणार, हे तो ओळखतो, आणि नवव्या वर्षी ते ओळखणं कौतुकाचंच आहे. पण समोर त्याचा मित्र बसलेला असो, मी बसलेली असो किंवा मोबाइल ठेवलेला असो, त्याचं उत्तर तेच राहील. तो सोंगट्यांवरून पुढची चाल काढतो आहे. समोरचं पोर घाबरलंय, कंटाळलंय की कालचा हरलेला डाव अजून मनात घोळवतंय, याची त्याला गरजच पडत नाही. बहिणीच्या रडण्याला पट नसतो. तिथं सगळं चेहऱ्यावरून, सकाळी काय झालं त्यावरून, आवाजावरून काढावं लागतं. त्यामुळे एका ठिकाणी हुशार आणि दुसऱ्या ठिकाणी कोरा, यात विसंगती काही नाही. ती दोन वेगळी कामं आहेत.

आपल्या भाषेत हा फरक आधीपासून आहे. आपण 'त्याचा डाव ओळखला' म्हणतो आणि 'त्याच्या मनातलं ओळखलं' असंही म्हणतो. पहिल्यात सावधपणा आहे, दुसऱ्यात माया आहे. 'डाव' हा शब्द खेळालाही चालतो आणि कपटालाही. मुलं स्पर्धेत उतरतात तेव्हा त्यांना डाव ओळखायची सवय लागते. तीच सवय पुढे मन ओळखायच्या जागी वापरायला लागली, की 'मुद्दाम टेबल हलवतो' सुरू होतं.

पण स्पर्धेचा आणि मनाच्या समजेचा संबंध वाईटच आहे, असं मी म्हणणार नाही. उलट स्पर्धा करता येणं हीच मुलाच्या वाढीतली मोठी पायरी असते. तीन वर्षांचं मूल लपंडाव कसं खेळतं ते आठवा. पडद्यामागे लपतं आणि 'मी इथे आहे' म्हणून ओरडतं. आपल्याला जे माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसू शकतं, आणि ते माहीत नसण्यातच खेळाची मजा आहे, हे त्याला अजून पुरतं उमगलेलं नसतं. जोन पेस्किन या संशोधिकेनं १९९२ मध्ये याचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. मुलासमोर स्टिकर ठेवायचे. एक खट्याळ बाहुली, मूल जो स्टिकर आवडतो म्हणेल नेमका तोच उचलून नेणार. तीन वर्षांची मुलं पुन्हा पुन्हा आपला खरा आवडता स्टिकर सांगत राहिली आणि पुन्हा पुन्हा तो गमावत राहिली. चार-पाच वर्षांच्या मुलांना कळलं, की बाहुलीला खरं सांगायचं नाही.

दुसरा प्रयोग ऑस्ट्रियातल्या बेआटे प्रीवासर आणि योसेफ पेर्नर यांचा. त्यांच्यासोबत योहानेस रोएस्लर होते. हा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. मणी गोळा करायचा खेळ. मणी सगळ्यांच्या डब्यातून घेता येतात, नाहीतर दुसऱ्याच्या साठ्यातून काढूनही घेता येतात. ज्या लहान मुलांना 'समोरच्याला चुकीचं काही खरं वाटू शकतं' हे अजून कळत नव्हतं, ती मुलं दुसऱ्याचे मणी सहसा घेतच नव्हती. ती मुलं फार सज्जन होती, असा त्याचा अर्थ नाही. दुसऱ्याचं ध्येय आपल्या ध्येयाच्या आड येतंय, तोही जिंकायला बघतोय, हे त्यांच्या डोक्यात एकत्र मांडलं जात नव्हतं. हा प्रयोग वाचल्यावर चार वर्षांच्या मुलांचे पालक 'लवकर सुरू केलं तर बरं ना?' असं विचारतात, तेव्हा मी त्यांना सोंगट्यांशी खेळू द्या, स्पर्धा नको, असं सांगते. समोरचाही जिंकायला बसलाय हे ज्याला अजून नीट कळत नाही, त्याला हरण्याचा अर्थ काय समजावणार? त्याला फक्त आईचा पडलेला चेहरा दिसतो.

प्राण्यांतही हेच दिसलं. माणसानं बोट दाखवून खाऊ कुठे आहे ते सुचवलं, तर चिंपांझींना ते फारसं समजत नसे. म्हणून बराच काळ अभ्यासकांना शंका होती, की दुसऱ्याला काय दिसतं-कळतं याची त्यांना जाण नसावी. मग २००० साली ब्रायन हेअर, जोसेप कॉल, मायकेल टोमासेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाची मांडणीच बदलली. दोन चिंपांझी समोरासमोर, एक दांडगा, एक दबलेला. खाऊचा एक तुकडा उघड्यावर, दुसरा आडोशाला, असा की तो फक्त दबलेल्यालाच दिसेल. दबलेला चिंपांझी आडोशाच्या तुकड्याकडे वळला. दांडग्याला काय दिसतंय आणि काय दिसत नाही, हे त्याला ठाऊक होतं. मदतीच्या मांडणीत जे लपलेलं होतं, ते चुरशीत बाहेर आलं.

कबड्डी बघणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. माझे वडील कबड्डी खेळायचे. चढाईला गेलेला गडी तीस सेकंदांत समोरच्या सात जणांचे पाय, खांदे, हातांची साखळी कुठे सैल पडतेय, हे सगळं टिपत असतो. कोपऱ्यातला गडी टाचेवर गेला की तो झेप घेणार. इतकं बारीक निरीक्षण आपण एरवी कुणाचंच करत नाही, घरच्या माणसाचंही नाही.

म्हणजे स्पर्धा नजर तीक्ष्ण करते. अडचण अशी, की ती एकाच दिशेला तीक्ष्ण करते: समोरचा आता माझं काय बिघडवणार आहे? या प्रश्नाला लागणारी माहिती तेवढी दिसते, बाकीचं माणूस दिसेनासं होतं.

यातही मुलं किती चुकतात ते मी रोज बघते. नव्या मुलाला विचारलं, की तू हत्ती इथे आणलास तर तो काय करेल, तर उत्तर येतं, 'तो प्यादं पुढे घेईल.' का बरं घेईल? 'कारण मग मला मात करता येते.' समोरच्याच्या डोक्यात आपल्या सोयीचा विचार घालून ठेवायचा आणि त्याला म्हणायचं समोरच्याचं मन! मिशेल काउली आणि रूथ बर्न या डब्लिनच्या संशोधिकांनी २००४ मध्ये हेच तपासून मांडलं. मुरलेले खेळाडू आपली चाल मोडीत काढणारं समोरच्याचं उत्तर शोधतात. नवखे आपल्या बेताला साथ देणारी उत्तरं त्याच्या तोंडी घालतात. हे शिकायला वर्षं जातात. त्यासाठी आपली आवडती चाल चुकीची असू शकते, हे आतून मान्य करावं लागतं. माझ्या मते बुद्धिबळ मुलांना काही खोल देत असेल, तर ते हे आहे.

आणि मुरलेल्यांनाही उलट्या बाजूनं ठेच लागते. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाचा चौदावा आणि शेवटचा डाव. तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन यानं पंचावन्नाव्या चालीत हत्ती एफ-२ या घरावर आणला. ती घोडचूक होती. अठरा वर्षांच्या गुकेशला ती लगेच दिसली नाही. तो दुसरीच, हत्तीची चाल खेळायच्या बेतात होता, असं त्यानं नंतर पत्रकारांसमोर स्वतःच सांगितलं. मग डिंगचा उंट अडकतोय हे त्याच्या लक्षात आलं. मी तो डाव क्लासमधल्या मुलांसोबत बघत होते. 'सर चुकलेच नसतील' असं आपण परीक्षेत समजतो ना, तसंच आहे हे. समोरचा जगज्जेता आहे म्हणजे त्याला सगळं दिसत असणार, असं धरून चाललं, की त्याची चूक डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. स्पर्धेत समोरचा माणूस कधी आपल्या सोयीचा मूर्ख असतो, कधी सर्वज्ञ. जसा आहे तसा क्वचितच.

आता तुमच्या मुलाच्या मित्राकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सगळ्यात नाजूक गोष्ट तीच आहे.

आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धा स्विस पद्धतीनं होतात. पहिल्या राउंडनंतर ज्यांचे गुण सारखे किंवा जवळपास, त्यांचीच एकमेकांशी जोडी लागते. दोन मित्र एकाच क्लासमधले, एकाच तयारीचे असले, की तिसऱ्या-चौथ्या राउंडला ते समोरासमोर येणारच. एका स्पर्धेत एकदाच, पण वर्षात आठ स्पर्धा खेळल्या तर पाच-सहा वेळा सहज. रेटिंग, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा असेल आणि एका डावानं तो किती हलतो हे ठरवणारा दोघांचा गुणक सारखा असेल, तर एकाला मिळालेले गुण हे दुसऱ्याचे गेलेले असतात. नऊ वर्षांच्या मुलाला हे कुणी समजावून सांगत नाही. त्याला एवढंच दिसतं, की हा माझ्या वाटेत सारखा सारखा येतो. मग त्याचा पाय हलला तरी तो माझ्यासाठी हलला.

अशा वेळी आपण पालक मोठ्या मनानं सांगतो, 'अरे, त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ.' हा सल्ला स्पर्धेच्या तोंडावर देऊ नका. निकोलस एप्ली, युजीन करुसो आणि मॅक्स बेझरमन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग मला फार उपयोगी पडले. वाटून घ्यायची वस्तू आहे आणि गटागटांत चुरस आहे, अशा ठिकाणी लोकांना दुसऱ्याच्या बाजूनं विचार करायला लावला. आपल्या वाट्याला न्यायानं किती यावं, याचा त्यांचा अंदाज त्यामुळे खरोखर खाली आला, म्हणजे ते जास्त समंजस झाले. पण प्रत्यक्ष घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी जास्त उचललं! का? दुसऱ्याच्या जागी बसल्यावर त्यांना तिथं लबाडी दिसली. 'तो काही सोडणार नाही, मग मी का सोडू?' जिथं सगळ्यांना मिळून काम करायचं होतं, तिथं असं झालं नाही. दुसऱ्याच्या जागी बसणं चांगलंच. पण चुरस चालू असताना त्या जागी बसलं, की आपलीच भीती त्याच्या चेहऱ्यानं आपल्याकडे बघते.

मी स्वतः हे चुकीचं करायचे. राउंडच्या आधी मुलांना जवळ घेऊन सांगायचे, 'समोरचा काय विचार करतोय ते शोधा, तो तुम्हाला फसवणार आहे.' मुलं सावध व्हायची, एखादा डाव जिंकायचीही. पण जेवायच्या सुट्टीत समोरच्या मुलाशेजारी बसून डबा खायची नाहीत. मला ते बरीच वर्षं दिसलं नाही, कारण मीही गुणतक्त्याकडेच बघत होते.

आता 'मी नीट खेळतच नव्हतो'. हे खोटं बोलणं आहे, असं समजून रागावू नका. १९७८ मध्ये स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स यांनी दाखवलं होतं, की ज्यांना आपल्या यशाचं कारण स्वतःलाच नीट कळलेलं नसतं, ती माणसं पुढच्या परीक्षेआधी आपल्याच वाटेत एखादा अडथळा ठेवतात, म्हणजे हरलो तर दोष त्या अडथळ्याला देता येतो. तुमच्या मुलाचं वाक्य त्याच घरातलं आहे. 'मी हरलो' हे त्याला पेलत नाही, म्हणून 'मी खेळलोच नाही' असं तो म्हणतो. आणि पाच-सहा वेळा म्हटल्यावर ते त्याला खरंही वाटायला लागतं. स्पर्धा स्वतःच्या मनाचं सगळ्यात मोठं नुकसान इथं करते. दिवसाकाठी सहा वेळा निकाल मिळतो आणि प्रत्येक निकालाबरोबर तयार स्पष्टीकरण मिळतं. आत खरंच काय झालं होतं, हे बघायची उसंतच राहत नाही.

एक अकरा वर्षांची मुलगी माझ्याकडे होती. वाशीला स्पर्धा होती. आम्ही सात-आठ जणं ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स-हार्बरची गाडी धरून गेलो होतो. पाचव्या राउंडला तिची जोडी तिच्याच शाळेतल्या मैत्रिणीशी लागली. जिंकायचा डाव तिनं सोडून दिला. बाहेर आल्यावर म्हणाली, 'टीचर, मला कंटाळा आला होता.' आईला ते पटलं, मलाही पटलं असतं. दोघींना पट मांडून बसवलं आणि एकेक चाल परत खेळायला लावली. एकोणिसाव्या चालीशी ती थांबली. तिथं तिला चांगली चाल दिसली होती, ती तिनं आता पटकन दाखवलीही. मग खेळली का नाही? बराच वेळ गप्प बसली. मग मैत्रिणीकडे न बघता म्हणाली, 'ही रडली असती. मागच्या वेळी रडली होती.' मैत्रीण लगेच म्हणाली, 'मी तू हरवलंस म्हणून नव्हते रडले. बाबांनी गाडीत काही बोलायचंच सोडून दिलं होतं.'

एका मुलीला वाटत होतं की आपल्याला कंटाळा आला, आणि तिला दया आली होती. आणि ज्या रडण्याची दया आली, त्याचं कारण तिनं चुकीचं धरलं होतं. स्वतःचं मनही चुकीचं वाचलं, मैत्रिणीचंही. आणि दोन्ही दुरुस्त झालं ते त्या डावाच्या एकोणिसाव्या चालीपाशी. 'मनमोकळं बोल' म्हणून समोर बसवलं असतं, तर दोघींपैकी एकीच्याही तोंडून हे निघालं नसतं.

बुद्धिबळात याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. मुलं अॅनालिसिस म्हणतात. डाव संपला, हात मिळवला, की दोघं बाहेर येऊन पुन्हा पट मांडतात आणि तू इथं काय बघत होतास, मी हे बघत होतो, असं बोलतात. जगातले मोठे खेळाडू हे करत आले आहेत. घड्याळ चालू असताना जे लपवायचं होतं, तेच आता एकमेकांना दाखवायचं असतं. असा रिवाज असलेले खेळ मला फार माहीत नाहीत. कबड्डीत कोपऱ्यातला गडी चढाईवाल्याला 'मी टाचेवर गेलो तेव्हा माझा विचार हा होता' असं सांगत बसत नाही.

हा रिवाज मुलांच्या स्पर्धांतून जवळजवळ गेला आहे, आणि मला त्याचं मनापासून दुःख आहे. हॉलमध्ये खेळाडूला मोबाइल चालत नाही, म्हणून तो आईबाबांकडे असतो. मूल दारातून बाहेर पडतं, आधी आईचा चेहरा वाचतं, मग 'काय झालं?', मग मोबाइलवर इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्रॅम, लावून डाव टाकला जातो. अर्ध्या मिनिटात इंजिन सांगतं, की तेवीसावी चाल चुकली. ते बरोबरच असतं. पण तेवीसाव्या चालीला तुमच्या मुलाच्या मनात काय होतं आणि समोरच्याच्या मनात काय होतं, हे इंजिनला माहीत नाही. ते सांगू शकणारं एकच मूल त्या वेळी चार पावलांवर आपल्या आईसोबत दुसऱ्या मोबाइलमध्ये डोकं घालून उभं असतं.

तर माझी विनंती अशी. पुढच्या स्पर्धेला एक गुंडाळायचा पट आणि सोंगट्यांची पिशवी सोबत न्या. मोबाइल पर्समध्ये राहू दे. मूल बाहेर आलं की निकाल विचारू नका, तो त्याच्या चालण्यावरून तुम्हाला कळतोच. समोरच्या मुलाला आणि त्याच्या आईला विचारा, वीस मिनिटं बसायचं का? ठाण्यातले पालक नाही म्हणत नाहीत, असा माझा अनुभव आहे. राउंडमधल्या वेळात सगळे पावसात छत्री धरून फुटपाथवरच उभे असतात, बसायला मिळालं तर हवंच असतं. मुलांना पट मांडू द्या. कोण चांगलं खेळलं, यावर तुम्ही काही बोलू नका. दोघांनाही एकच विचारा: 'तुला कुठल्या चालीला भीती वाटली?' हा प्रश्न मला खूप चुकून सापडला आहे. 'तू काय विचार केलास?' विचारलं तर मुलं क्लासमधलं पाठ केलेलं उत्तर देतात. भीती कुठे वाटली, याचं पाठ केलेलं उत्तर कुणाकडे नसतं.

बऱ्याचदा काय निघतं सांगू? दोघांनाही एकाच चालीला भीती वाटलेली असते. गेल्या वर्षी गणपतीत एका मंडळाच्या स्पर्धेत माझ्या एका विद्यार्थ्यानं ड्रॉ सुचवला, समोरच्यानं नाकारला आणि पुढे हरला. पट मांडून विचारलं तर कळलं, दोघांनाही आपण हरतोय असंच वाटत होतं. माझ्या मुलानं म्हणून ड्रॉ मागितला. समोरच्याला वाटलं, 'हा ड्रॉ मागतोय म्हणजे यात काहीतरी डाव असणार.' दोन घाबरलेली पोरं, आणि प्रत्येकाला समोर पट्टीचा खेळाडू दिसत होता. हे ऐकून ती दोघं इतकी हसली, की आर्बिटर, म्हणजे स्पर्धेचे पंच, बाहेर येऊन गप्प करून गेले.

त्याच रात्री मुलाला वहीत दोन ओळी लिहू द्या: मला भीती कुठे वाटली आणि तेव्हा समोरचा काय विचार करतोय असं मला वाटलं, आणि त्यानं नंतर काय सांगितलं. डाव चालू असताना स्वतःसाठी टिपणं काढायला नियमानं मनाई आहे, म्हणून हे नंतरच. महिन्याभरानं त्या वहीत त्याचा त्यालाच नमुना दिसेल. माझ्या बऱ्याच मुलांना असं दिसलं, की 'समोरच्याला माझी युक्ती कळली' असं त्यांना वाटतं, त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा ती कळलेलीच नसते. 'नीट खेळतच नव्हतो' हे वाक्य तेव्हा आपोआप कमी होतं. ते बोलायचं ठिकाणच उरत नाही, कारण कुठल्या चालीला काय झालं ते लिहिलेलं असतं.

मित्राचं टेबल. यात दोन्ही शक्यता खुल्या ठेवा. क्वचित एखादं मूल मुद्दामही करतं. तसं डावात वाटलं तर हात वर करून आर्बिटरला बोलवायचं, हे त्याला पक्कं सांगा. तक्रार करायला अधिकृत जागा असली, की मनात साठवायची गरज राहत नाही. पण मित्राशी पेअरिंग, म्हणजे जोडी, लागायच्या आधी, एखाद्या साध्या वारी, दोघांना तलावपाळीला घेऊन जा, वडापाव खायला घाला आणि पेअरिंग कसं लागतं ते समजावून सांगा. सारखे गुण झाले की कॉम्प्युटर तुम्हाला एकत्र बसवणार, तुम्ही दोघं सारखे चांगले खेळता म्हणून बसवणार. मी हे सांगते तेव्हा मुलांचे चेहरे खरंच सैल होतात. तोवर त्यांना वाटत असतं, की कुणीतरी मुद्दाम आपल्याला भांडायला लावतंय.

पोटदुखी, झोप उडणं, निकाल लपवणं हे सुरू झालं असेल, तर मात्र दोन-तीन महिने स्पर्धा बंद, क्लास चालू. एवढ्यानं कमी झालं नाही तर मुलांच्या समुपदेशकांना भेटा. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही.

राहिली बहीण. ती रडते तेव्हा त्याला 'विचार कर, तिला कसं वाटत असेल' असं सांगून उपयोग होणार नाही, तो ते कोडं म्हणून सोडवायला जाईल. त्यापेक्षा दोघांना एका बाजूला बसवा. बुद्धिबळात जोडीनं खेळायचा एक प्रकार आहे, मुलं त्याला हँड अँड ब्रेन म्हणतात. जोडीतला एक जण फक्त सोंगटीचं नाव घेतो, 'घोडा', 'प्यादं', 'राजा', बस्स. कुठली आणि कुठे, हे दुसऱ्यानं ओळखून चाल करायची. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. समोर तुम्ही आणि बाबा. सोंगट्या कशा चालतात एवढं सहा वर्षांच्या मुलीला आलं तरी पुरे, आणि नाव घ्यायचं काम तिच्याकडे द्या, चाल करायचं त्याच्याकडे.

आता त्याला पटावरून उत्तर मिळणार नाही. सगळ्यात चांगली चाल वजिराची असेल आणि ती 'उंट' म्हणेल. त्याला तिच्याकडे बघावं लागेल: हिला काय दिसलं? ही उंट का म्हणाली? जिंकायला त्याला तिचं मन लागणार आहे, आणि तिच्याविरुद्ध नाही. पहिल्या दिवशी तो चिडेल, 'हिला काही कळत नाही' म्हणेल. तुम्ही मध्ये पडू नका. डाव संपला की पट पुन्हा मांडा आणि त्यालाच तिला विचारू द्या, की त्या वेळी तू उंट का म्हणालीस. माझ्याकडच्या एका भावंडांच्या जोडीत उत्तर आलं होतं, 'तो बिचारा कधीपासून एकटाच कोपऱ्यात होता म्हणून.' भावानं पट बघितला. तो उंट खरंच पहिल्या चालीपासून हललेला नव्हता.